जाणारं माणूस

१

पक्ष्यांना मोजता येत नाही, यावर काकांचा सगळा धंदा उभा होता. धंदा म्हणजे आता छंदच. गल्लीत त्यांना फोटोवाले काका म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवला होता. 'हनुवटी खाली, डोळे मिटू नका, हलू नका' हे सांगून सांगून जीभ झिजली होती. दुकान बंद केल्यावर ते पाखरांच्या मागे लागले आणि न हलायची पाळी त्यांच्यावर आली. काकू म्हणायच्या, "करावं तसं भरावं."

गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती. पाणी साचून तिचा तलाव झाला होता. भोवती तारेचं कुंपण, एक फाटक आणि फाटकावर एक राखणदार. पलीकडच्या मातीच्या दरडीत वसंत लागला की खंड्याची जोडी बीळ कोरायची. मुठीत मावेल एवढा निळा पक्षी, पण नजर अशी की सावकाराला लाजवेल. अलीकडच्या काठावर काकांनी हिरव्या कापडाचं लपण उभारलं होतं: एका माणसापुरता तंबू, पुढे कॅमेऱ्याची नळी बाहेर काढायला एक खाच, मागे चेन.

आता गंमत अशी, की तंबूत माणूस शिरताना खंड्याने पाहिलं तर तो येतच नाही. म्हणून दोघांनी शिरायचं. थोडा वेळ आत बसायचं, मग एकाने चांगलं दिसेल असं बाहेर पडून निघून जायचं. खंड्याला दोन आणि एक यातला फरक कळत नाही. माणूस आला, माणूस गेला, तंबू रिकामा झाला, एवढंच त्याला कळतं. आणि तो निर्धास्त येऊन बसतो.

हे निघून जाणारं माणूस म्हणजे काकू. रोज सकाळी लाल छत्री उघडून त्या पायवाटेने खुशाल घरी चालत्या व्हायच्या.

"आयुष्यभर तुमच्या फोटोत कुणीतरी दुसरंच," त्या म्हणायच्या. "मी आपली जाणारं माणूस."

"हं," काका म्हणायचे. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असायचा.

"हं म्हणू नका. माणसासारखं बोला."

"हं."

या वर्षी मात्र काकूंचं काहीतरी चुकायला लागलं होतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या. गॅसवर रिकामं पातेलं तापत राहायचं. एकदा तर फोनवर त्यांनी पोटच्या लेकीला विचारलं, "आपण कोण बोलताय?" लेकीने धसका घेतला. ती म्हणाली, रविवारी येते आणि आईला माझ्याकडे घेऊन जाते.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"बघू या ना, बाबा."

"अगं चिमणे, मी आहे ना तिच्याजवळ."

"तुम्ही कुठे असता? तुम्ही पाण्याकाठी."

काकूंवाचून घर कसं दिसेल, हे काकांना डोळ्यांसमोर आणता येईना. म्हणून त्यांनी ठरवलं, काकूंची एकही चूक लेकीच्या कानावर जाऊ द्यायची नाही.

२

त्या दिवशी सगळं फारच सोपं गेलं. एरवी काकू दिसेनाशा झाल्यावरही खंड्या बराच वेळ तोऱ्यात दूर बसून राहायचा. आज त्या पायवाटेच्या वळणावर पोचायच्या आतच तो समोरच्या काटकीवर येऊन बसला. चोचीत मासा, डोकं बाहेरच्या बाजूला. स्वतः खायचा असला तर खंड्या माशाचं डोकं आत धरतो, पिल्लाला भरवायचा असला तर बाहेर. म्हणजे बिळात पिल्लं होती. काकांना आनंदाने शिंक आली. चांगली दणकून आली. खंड्याने मानसुद्धा वळवली नाही.

'आज नशीब उघडलं,' काका स्वतःशी म्हणाले.

उन्हं चढल्यावर ते घरी आले. स्वयंपाकघरात ओट्यावर चहाचे दोन कप पालथे न घालता तसेच ठेवलेले होते.

"कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कुठे कोण? आणि तुम्ही परत कुठे गेला होतात?"

"परत म्हणजे?"

"आत्ता चहा घेतलात, इथे बसलात, आणि म्हणालात आलोच. कॅमेरा विसरला होतात का तिकडे?"

झालं, आता हे नवीन. लेकीला कळलं तर रविवारची वाटही बघणार नाही, आजच येईल.

"हो हो, कॅमेराच," ते म्हणाले आणि कप उचलून नळाखाली धरले. एकाच्या तळाशी न विरघळलेल्या साखरेचा थर होता. दोघंही साखर घेत नसत. काका पूर्वी घ्यायचे, लग्न झालं तेव्हा, दोन दोन चमचे.

"साखर कुणी घातली?"

"तुम्हीच मागितलीत. म्हटलं, असू दे एक दिवस. किती वर्षांनी काहीतरी मागितलंत."

काकांनी मनात हिशेब मांडला. बिचारीने दोन कप केले असतील आणि दोन्ही एकटीनेच प्यायले असतील. त्यांनी कप विसळले, साखर वाहून गेली.

३

काकांची एक जुनी खोड होती. काकू लपणातून निघाल्या की उजेड बघायला ते पहिला फोटो त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीचा काढायचे. दुकानातही खुर्चीवर आधी काकूंना बसवून दिवे जुळवायचे आणि मग गिऱ्हाईक बोलवायचे. ते फोटो कुणी बघायचं नाही. पाखरं निवडून झाली की काढून टाकायचे.

दुपारी काकू झोपल्या होत्या. खोलीत पंखा कुरकुरत होता. काका संगणकावर खंड्ये चाळत बसले होते, तेव्हा त्यांचं लक्ष त्या पाठमोऱ्या फोटोंकडे गेलं. या वसंतातले बरेच अजून काढायचे राहिले होते. सुरुवातीच्या फोटोंत काकू नेहमीसारख्या: छत्री सरळ, दांडा खांद्याला टेकलेला, सगळी सावली अंगावर.

अलीकडच्या फोटोंत छत्री डावीकडे कललेली होती. काकूंचा उजवा खांदा उन्हात होता आणि छत्रीची निम्मी सावली शेजारच्या रिकाम्या वाटेवर पडलेली होती.

काकांनी चष्मा पुसला. वारा असेल. पण मागचं गवत सरळ उभं होतं. ऊन डावीकडून असेल. पण ऊन उजवीकडूनच होतं, खांद्यावर तर पडलं होतं. हात दुखत असेल, म्हणून त्यांनी फोटो मोठा करून हात पाहिला. दुखऱ्या हाताने माणूस छत्री पोटाशी धरतो. काकूंनी ती लांब धरली होती, कोपर बाहेर काढून. पावसात आपण कुणाला छत्रीत घेतो तशी. आणि त्यांचा चेहरा किंचित त्या बाजूला वळलेला होता. गाल वर आलेला होता.

त्या हसत होत्या.

काकांनी बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं. काकू पलंगावर कुशीवर झोपल्या होत्या, अगदी कडेला. दुसरी कडा त्यांनी मोकळी सोडली होती. ती त्या रोजच मोकळी सोडत, काकांसाठी. त्यात नवल ते काय, असं काकांनी मनाला बजावलं.

४

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर परतले. काकू घरी पोचल्या असतील न असतील, एवढ्यातच. जिन्यावर चढताना त्यांना काकूंचा आवाज आला. त्या बोलत होत्या, थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मधल्या थांबण्यात काहीतरी होतं. शब्द नव्हते ऐकू येत, नुसता भिंतीतून येतो तसा खर्ज. मग काकू खळखळून हसल्या. हे हसू काकांनी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. कधीतरी त्यांच्यावरही हसायच्या त्या अशा.

त्यांनी किल्ली फिरवली. बैठकीत काकू एकट्याच, टॉवेल-कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घर लख्ख होतं. किल्ल्या खुंटीला, गॅस बंद, शेगडी पुसलेली. दारातल्या घरच्या चपला काकांनी पायात सरकवल्या आणि जागच्या जागी थबकले. चपला गरम होत्या.

काकूंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"अहो, अंघोळीला गेला होतात ना? मग बाहेरून कसे आलात?"

न्हाणीघराचं दार आतून लावलेलं होतं. आत पाण्याचा आवाज होता, बादलीत धार पडते तो. काका दाराशी गेले. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी माणूस करतो तेच केलं. दार ठोठावलं.

धार थांबली.

"कोण आहे?" आतून कुणीतरी विचारलं. आवाजात राग नव्हता. दारावर कुणी परका आला तर सभ्य माणूस विचारतो, तसं विचारलं होतं. आवाज काकांचा होता.

आपल्याच न्हाणीघराच्या दाराशी या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यायचं? काकांनी दार ढकललं. खिट्टी जुनीच, ढिली, ती निघाली. आत कुणीही नव्हतं. बादली भरलेली, पाण्यातून वाफ येत होती, आरसा धुरकटला होता. खिडकी तर एवढीशी, की तिच्यातून मांजरही जाणार नाही.

कदाचित ते स्वतःच बोलले असतील. आपलाच आवाज बंद खोलीत घुमतो, आणि आपण काय बोललो ते घाबरल्यावर आठवत नाही. हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की संध्याकाळपर्यंत ते जवळजवळ पटलं होतं.

"तुम्हाला बरं नाही का?" काकूंनी कपाळाला हात लावून विचारलं. "हल्ली किती छान बोलता माझ्याशी. दाराबाहेरून आलात की मात्र घुमे होता."

५

फाटकावरच्या राखणदाराचं काम एवढंच, की आत किती गेले ते लक्षात ठेवायचं आणि सगळे बाहेर पडल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी काका बाहेर पडले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. त्यांनी कडी वाजवली. राखणदार डबा सोडून धावत आला.

"साहेब? तुम्ही आत कसे?"

"का? रोज असतो तसाच."

"अहो, मघाशी तर गेलात बाईंबरोबर. मी नमस्कार केला, तुम्ही माझ्या पोराची परीक्षा कशी गेली ते विचारलंत. मी म्हटलं, साहेब आज बोलले! एरवी तुम्ही नुसतं..." त्याने वाक्य गिळलं. "दोन आत, दोन बाहेर, म्हणून मी कुलूप लावलं. कुठून आलात परत? तारेखालून?"

काका तिथेच दगडावर बसले. खरं सांगायचं तर त्यांना आधी हायसं वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे काकूंचं डोकं ठिकाणावर होतं! राखणदारालाही दिसलं ते त्यांना दिसलं होतं. लेकीने आता त्यांना न्यायचं काही कारण नव्हतं. त्या आनंदात मिनिटभर गेलं असेल. मग तो आनंद पायाकडून थंड होत वर आला.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"चिमणे, रविवारचं राहू दे. आईला काही झालेलं नाही."

"बाबा, किती वेळा सांगाल? सकाळी बोललो की आपण."

"सकाळी मी पाण्यावर होतो. फोन बंद होता."

"घरच्या फोनवर बोललात. अर्धा तास. आईसुद्धा मधेमधे बोलत होती, एकदम पूर्वीसारखी." लेक हसली. तिचाही आवाज हलका झाला होता. "खरं सांगू? मला तर रडूच आलं. तुम्ही इतकं कधी बोललाच नव्हतात माझ्याशी. ठरल्याप्रमाणे या उद्या दुपारच्या गाडीने. मी स्टेशनवर येते."

"कोण या?"

"तुम्ही दोघं! चार दिवस राहतो, तू नको येऊस, आम्हीच येतो, असं तुम्हीच म्हणालात ना? बाबा?"

"हं," काका म्हणाले.

"हे बघा, झालं पुन्हा हं सुरू," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज जरा दूर गेल्यासारखा वाटला.

घरी पलंगावर बॅग भरून तयार होती. काकूंच्या साड्या, आणि त्यांवर काकांचे चांगले शर्ट, इस्त्री केलेले.

६

रात्रभर काकांनी विचार केला आणि सकाळपर्यंत एकच गोष्ट हाती लागली. गोंधळ लपणापाशी सुरू झाला होता, तो तिथेच मिटवायचा. दोघांनी आत जायचं आणि दोघांनी बाहेर यायचं. हातात हात घालून. मागे रिकामा तंबू ठेवायचा, खरोखर रिकामा. मग कुणाची जागा कुणाला घ्यायला उरणार नाही. घरीच का बसून राहिले नाहीत, असं कुणी विचारेल. तर घरातच त्यांना जास्त भीती वाटत होती. आणि खोटं कशाला बोला, पिल्लंही त्याच सकाळी बाहेर पडतील अशी लक्षणं होती.

लपणात दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. कापडातून हिरवा उजेड येत होता. काकांनी काकूंचा हात धरला. काकू चकित झाल्या.

"आज तू एकटी जायचं नाहीस," काका म्हणाले. "मी पण येतो. मी म्हणजे मी. कळलं?"

"नाहीतर कोण?" काकू हसल्या. पण हात त्यांनी घट्ट धरला. "गाडी दुपारची आहे. थोडा वेळ बसू, मग निघू."

"मला सोडून जाऊ नकोस."

"अहो, काय बोलताय लहान मुलासारखं? नाही जात."

तेवढ्यात दरडीच्या बिळाच्या तोंडाशी काहीतरी हललं. एक मळकट निळं डोकं बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. पिल्लू. काठावर येऊन त्याने जगाकडे पहिल्यांदा पाहिलं. काकांनी हात सोडला. फक्त कॅमेरा धरण्यापुरता. एकच फोटो. डोळा काचेला लागला आणि नेहमीप्रमाणे त्या काचेपलीकडे जेवढं होतं तेवढंच जग उरलं. पिल्लू पुढे झुकलं, पंख फडफडवले, पडतंय की काय असं वाटत असतानाच उडालं आणि काटकीवर येऊन आदळलं. मागोमाग दुसरं.

"चला, निघू या?" काकूंनी विचारलं.

"हं," काका म्हणाले.

मागे चेन उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. सुकलेल्या गवतावर पावलं वाजली. काकूंची पावलं काका झोपेतही ओळखत. त्यांच्या बरोबर आणखी दोन पावलं होती, जरा जड, उजवा पाय किंचित ओढणारी. मागे एकदा पडले होते, तेव्हापासून काकांचा उजवा पाय ओढायचा.

काकांनी नळी पायवाटेकडे फिरवली. काचेत लाल छत्री होती, डावीकडे कललेली, आणि या वेळी छत्रीखालची सावली रिकामी नव्हती. करडा शर्ट, वाकलेली पाठ, मळकी टोपी. काकांनी डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावरच होती. तो माणूस मान वळवून काकूंचं काहीतरी ऐकत होता. सगळं ऐकत होता, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मगच बोलत होता.

"अगं!" काका ओरडले. "अगं, थांब! मी इथे आहे!"

आवाज पाण्यावरून पलीकडच्या दरडीला आपटून परत आला. काटकीवरचे खंड्ये हलले नाहीत.

काकू मात्र थांबल्या. त्यांनी वळून लपणाकडे पाहिलं. भुवया जवळ आल्या, काहीतरी आठवायचं राहून गेल्यासारख्या. त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. त्याने लपणाकडे पाहिलं नाही. त्याने फक्त छत्री त्यांच्या हातातून घेतली, सरळ केली, त्यांचा उन्हातला खांदा सावलीत घेतला. काकूंच्या भुवया सैल झाल्या. दोघं वळणाआड गेली.

दूर राखणदाराचा नमस्कार ऐकू आला. मग हसण्याबोलण्याचा आवाज, मग फाटकाची साखळी, मग कुलूप.

काकांनी चेनकडे हात नेला. त्याच वेळी खाचेतून काहीतरी निळं आत आलं आणि त्यांच्या मनगटावर बसलं. पिल्लू होतं. त्याचे पाय ओले आणि गार होते. त्याने काकांच्या डोळ्यांत बघितलं, पण बघितल्याची कसलीच खूण त्याच्या डोळ्यांत दिसली नाही. मागून त्याची आई आली, कॅमेऱ्याच्या नळीवर टेकली. चोचीत मासा होता, डोकं बाहेर. तिने पिल्लाला भरवलं आणि खाचेतून निघून गेली.

काकांनी हात झटकला. जीव खाऊन झटकला, पुन्हा पुन्हा झटकला.

पिल्लाने नखं घट्ट रोवली, पंख मिटून अंग आवळलं आणि फांदीवर बसल्यासारखं वारा पडायची वाट बघत बसून राहिलं.